आकड्यांच्या आधीचे संख्याशास्त्र

महाविद्यालयात पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याची वही उघडली तर तिची मांडणी बहुधा ठरलेली असते. पहिल्या पानावर संख्याशास्त्राची व्याख्या, दुसऱ्यावर माहितीचे प्रकार, तिसऱ्यावर वारंवारता सारणी आणि तेथून पुढे उदाहरणेच उदाहरणे. 'एका कारखान्यातील 100 कामगारांची दैनिक मजुरी खालीलप्रमाणे आहे. मध्य, मध्यक व बहुलक काढा.' हा कारखाना कोठे आहे, मजुरी कोणी विचारली, 100 कामगार सगळे होते की हजारांतून निवडलेले, निवडले असतील तर कसे, आणि मजुरीचा मध्य काढून कोणाला काय ठरवायचे होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर उदाहरणात नसते. विद्यार्थीही ते विचारत नाही. आकडे आहेत, सूत्र आहे, उत्तर पुस्तकाच्या शेवटी आहे.

या लेखात प्रारंभिक संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमाची आणि तो शिकवण्याच्या पद्धतीची चिकित्सा करायची आहे. एखाद्या विद्यापीठाचा किंवा पुस्तकाचा दोष काढण्याचा हेतू नाही, कारण हा साचा थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखाच आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: या शास्त्राचा निम्मा भाग कागदावर पहिला आकडा उतरण्यापूर्वीच घडून जातो आणि आपला अभ्यासक्रम नेमका तोच भाग वगळतो. त्यामुळे विद्यार्थ्याला सूत्रे येतात, परंतु ती कोठे लागू पडतात व कोठे पडत नाहीत, हे त्याला कळत नाही.

अभ्यासक्रमाची जमेची बाजू

आधी जे चांगले आहे ते मान्य केले पाहिजे. मध्य, मध्यक, प्रमाण विचलन, सहसंबंध, संभाव्यता, द्विपद व प्रसामान्य वितरण, नमुना आणि परिकल्पनेची चाचणी हा क्रम तर्कशुद्ध आहे. हाताने दहा-वीस आकड्यांचे प्रमाण विचलन काढल्याशिवाय ही कल्पना अंगवळणी पडत नाही, हेही खरे. पुढे कोणत्याही विज्ञानशाखेत काम करणाऱ्याला हा पाया लागतोच.

पण याच क्रमात काही गोष्टी केवळ सवयीने टिकून आहेत. 'गृहीतमध्य पद्धत' आणि 'मध्यप्रमाण विचलन पद्धत' आपल्याकडे दहावीच्या गणितात शिकवल्या जातात आणि पदवीच्या पहिल्या वर्षी पुन्हा भेटतात. मोठ्या संख्यांचे गुणाकार कागदावर करावे लागत, त्या काळात श्रम वाचवण्यासाठी या युक्त्या निघाल्या. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनमध्ये गणकयंत्र आहे. आकड्यांचे वर्ग पाडणे हीसुद्धा बऱ्याच अंशी अशीच सोय होती, आणि तिची एक किंमत आहे: मूळ आकडा वर्गात विरून जातो. तो का विरू द्यायचा, हे न सांगता आपण त्याचेच तासन्‌तास शिक्षण देतो. वेळ नाही म्हणून जे वगळले जाते असे सांगतात, त्यासाठीचा वेळ येथेच खर्च होतो.

एका धानपट्ट्याचे उदाहरण

जे वगळले जाते ते काय, हे पाहण्यासाठी एक प्रत्यक्ष ठिकाण घेऊ. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. 1970 साली पूर्ण झालेल्या या मातीच्या धरणाचे पाणी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांतल्या धानाला मिळते. या लाभक्षेत्रातले विद्यार्थी गोंदिया-भंडाऱ्यात असतील तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांत, आणि गडचिरोलीत असतील तर गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिकतात. यांतील अनेकांच्या घरी धानाच्या बांध्या आहेत. रोवणीच्या दिवसांत वर्ग ओस पडतात, हे तेथील शिक्षकांना सांगायला नको.

या मुलांच्या घरी दरवर्षी एक संख्याशास्त्रीय निर्णय येऊन धडकतो. हंगामाच्या शेवटी पीक कापणी प्रयोग होतात. त्यांवरून उत्पादनाचा अंदाज निघतो, पैसेवारी 50 पैशांच्या वर की खाली हे ठरते आणि पीक विम्याची भरपाई ठरते. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाईचा मुख्य आधार एकट्या शेतकऱ्याचे उत्पादन हा नसून ठरवून दिलेल्या क्षेत्राचे, उदाहरणार्थ महसूल मंडळाचे, सरासरी उत्पादन हा आहे. मंडळस्तरावर एका पिकासाठी किमान 10 कापणी प्रयोग घ्यावेत अशी योजनेची मार्गदर्शक सूचना आहे. त्या सरासरीची तुलना उंबरठा उत्पादनाशी होते. उंबरठा म्हणजे मागील 7 वर्षांपैकी चांगल्या 5 वर्षांची सरासरी, गुणिले ठरवलेला जोखीमस्तर. अलीकडे धानासाठी उपग्रहाच्या प्रतिमांवरून काढलेल्या अंदाजालाही यात वाटा देण्यात आला आहे. मात्र तो अंदाज तपासून घ्यायलाही शेतात मोजलेला तुकडा लागतोच.

म्हणजे मध्य, नमुना, नमुन्याचा आकार, विचलन, त्रुटी हे सगळे प्रकरण मुलाच्या दारात उभे आहे. तरीही तो परीक्षेसाठी कारखान्यातल्या कामगारांची मजुरी मांडत बसतो.

दहा तुकड्यांचे गणित

आता आकडे घेऊ. हे आकडे कल्पित आहेत, पण त्यांचा आवाका धानाच्या शेताला धरून आहे. समजा, 5 मीटर लांब व 5 मीटर रुंद असे 10 तुकडे एका मंडळात कापले. प्रत्येक तुकडा 25 चौरस मीटरचा, म्हणून तुकड्यातील 1 किलो धान म्हणजे हेक्टरी 400 किलो, अर्थात 4 क्विंटल.

'अ' मंडळातील तुकड्यांचे वजन किलोत असे: 8, 7, 9, 8, 8, 7, 9, 8, 8, 8.
'ब' मंडळातील असे: 2, 9, 10, 8, 3, 11, 9, 10, 8, 10.

दोन्हींची बेरीज 80, दोन्हींचा मध्य 8 किलो, म्हणजे हेक्टरी 32 क्विंटल. पाठ्यपुस्तकातले उदाहरण येथे संपते, किंवा फार तर प्रमाण विचलन काढून संपते: 'अ'चे 0.67 किलो, 'ब'चे 3.06 किलो. विद्यार्थी 'ब मध्ये विचलन अधिक आहे' असे वाक्य लिहितो आणि दोन गुण मिळवतो.

त्या वाक्याचा अर्थ काय? 'ब' मंडळात 2 आणि 3 किलोचे दोन तुकडे आहेत. म्हणजे तेथे हेक्टरी 8 आणि 12 क्विंटलच धान झाले. नहराच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचले नसेल, किंवा तुडतुडा लागला असेल. उंबरठा उत्पादन 31 क्विंटल असेल तर मंडळाची सरासरी 32 त्याच्या वर आहे, म्हणून सरासरीच्या हिशेबात भरपाई कोणालाच नाही. या दोन शेतांच्या मालकांनाही नाही. सरासरी काय झाकते, हे शिकवायला यापेक्षा स्पष्ट उदाहरण लागत नाही.

आता पुढचा प्रश्न. 10 तुकड्यांवरून काढलेली सरासरी कितपत भरवशाची? प्रमाण विचलनाला नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी मिळते. 'अ'साठी ती 0.21 किलो, 'ब'साठी 0.97 किलो. टी-कोष्टकातील 2.26 हा गुणक वापरला तर 'ब'ची 95 टक्के विश्वासाची मर्यादा साधारण 5.8 ते 10.2 किलो, म्हणजे हेक्टरी 23 ते 41 क्विंटल येते. निर्णयाची रेषा 31 वर आहे आणि आपले अज्ञान 23 पासून 41 पर्यंत पसरलेले आहे. 'अ' मंडळात तीच मर्यादा 30 ते 34 क्विंटल आहे. तेथेही रेषा आतच पडते, पण अंदाज बराच नेटका आहे. प्रमाण त्रुटीचे सूत्र पाठ असलेल्या किती विद्यार्थ्यांना हे दिसते? सूत्राखाली कोणताही निर्णय टांगलेला नसल्याने त्रुटी लहान काय आणि मोठी काय, त्यांना सारखीच वाटते.

तीन बोटांची चूक

येथपर्यंतचे गणित निदान अभ्यासक्रमात आहे. पुढचे अजिबात नाही.

तुकडा कापताना कडेवरचे चूड आत धरायचे की बाहेर, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. दोरीच्या रेषेवर उभे असलेले रोप सोडवत नाही, ते आत घेतले जाते. समजा, चारही बाजूंनी फक्त 5 सेंटीमीटर, म्हणजे सुमारे तीन बोटे, जास्त कापले गेले. मग तुकडा 5.1 गुणिले 5.1, म्हणजे 26.01 चौरस मीटरचा झाला. वजन 4 टक्क्यांनी फुगले. 'ब'चा 8 किलोचा मध्य खरे तर 7.69 किलो होता, हेक्टरी 30.8 क्विंटल. उंबरठा 31. निर्णय उलटला.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. कापल्या कापल्या तोललेल्या धानात 20 टक्के ओलावा असेल आणि हिशेब 14 टक्क्यांचा धरायचा असेल, तर 8 किलोत कोरडा भाग 6.4 किलो. त्याला 0.86 ने भागले की 7.44 किलो येतात, म्हणजे हेक्टरी 29.8 क्विंटल. कापणी प्रयोगांच्या कार्यपद्धतीत वाळवणीची दुरुस्ती सांगितलेली आहे, ती याचसाठी. ती राहून गेली आणि कडेची तीन बोटेही आत आली, तर 28.6 क्विंटलच्या जागी 32 नोंदले जातील. तूट 31 च्या तुलनेत 7.7 टक्के. हेक्टरी 50,000 रुपये विमा संरक्षित रक्कम धरली तर सुमारे 3,800 रुपयांचा फरक, प्रत्येक विमाधारकाला, मंडळभर.

आता विद्यार्थ्यांना विचारावे: 10 ऐवजी 40 तुकडे कापले तर काय होईल? प्रमाण त्रुटी निम्मी होईल, हे त्यांना सूत्रावरून सांगता येते. तीन बोटांचे काय होईल? काहीच नाही. 400 तुकडे कापले तरी ते 4 टक्के तसेच राहतील. यादृच्छिक चूक नमुना वाढवल्याने कमी होते, एका बाजूला झुकलेली चूक होत नाही, आणि प्रमाण त्रुटीच्या सूत्राला या दुसऱ्या प्रकारच्या चुकीची खबरही नसते. मला विचाराल तर प्रारंभिक संख्याशास्त्रातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. पाठ्यपुस्तकांत ती नमुना-सर्वेक्षणाच्या प्रकरणात दोन व्याख्यांच्या रूपाने येते आणि 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नापुरती उरते.

हुशार विद्यार्थी येथे एक शंका काढील, आणि त्याने ती काढावी. उंबरठा उत्पादनही मागील वर्षांच्या कापणी प्रयोगांवरूनच आले आहे. दरवर्षी तीच तीन बोटे जास्त कापली जात असतील तर दोन्ही बाजू सारख्याच फुगतील आणि टक्केवारीतली तूट बदलणार नाही. शंका बिनतोड आहे. मग प्रश्न उरतो तो चूक दरवर्षी सारखी असते का, माणसे बदलली की बोटे बदलतात का, हा. याचे उत्तर सूत्रात सापडणार नाही, त्यासाठी बांधीवरच जावे लागेल.

एक जुना वाद

हा विषय नवा नाही, आणि त्याच्या इतिहासात मराठी नावे ठळक आहेत. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म 1911 साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले, तेथे त्यांनी 1936 मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि परतल्यावर 1940 ते 1951 या काळात भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक उत्पादनाच्या नमुना सर्वेक्षणांची पद्धत घडवली. त्या दशकात बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस व त्यांचे सहकारी लहान वर्तुळाकार तुकडे कापून अंदाज काढत होते. लहान तुकडा स्वस्त पडतो, म्हणून तेवढ्याच खर्चात अधिक ठिकाणी कापता येतो, हा त्यांचा मुद्दा. सुखात्मे यांनी प्रत्यक्ष शेतात वेगवेगळ्या आकाराचे तुकडे कापून पाहिले आणि लहान तुकड्यांवरून उत्पादन फुगलेले दिसते असे दाखवले. त्यांचे याविषयीचे टिपण 1946 साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले.

यामागचे गणित नववीच्या भूमितीचे आहे. 60 सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ घ्या आणि कडेने तेवढेच 5 सेंटीमीटर जास्त कापा. 65 भागिले 60, त्याचा वर्ग 1.17. म्हणजे 17 टक्के फुगवटा. मोठ्या चौरसात हीच चूक 4 टक्के होती. तुकडा लहान होत जातो तशी क्षेत्रफळाच्या मानाने कड वाढत जाते, आणि चूक कडेवर राहते.

महालनोबीस यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. प्रशिक्षित माणसे आणि काटेकोर साधने असतील तर ही चूक आटोक्यात राहते, असे त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. शिवाय माणसांची चूक पकडण्यासाठी त्यांनी एक सुंदर युक्ती वापरली. एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र नमुने निवडायचे, दोन वेगळ्या तुकड्यांकडून मोजून घ्यायचे आणि उत्तरे ताडून पाहायची. दोन उत्तरांतला फरक योगायोगाने पडावा त्याहून मोठा निघाला तर मोजणाऱ्यांत काहीतरी बिघडले आहे, हे कळते.

सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांचे शेतीसंशोधकांसाठीचे संख्याशास्त्रावरील पुस्तक 1954 साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढले आणि कृषी महाविद्यालयांच्या अनेक पिढ्या त्यावर वाढल्या. त्याच सुमारास, 1953 मध्ये, वसंत शंकर हुजूरबाजार यांनी पुणे विद्यापीठात गणित व संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. म्हणजे शेत आणि सिद्धांत या दोन्ही वाटा आपल्याकडे एकाच वेळी रुंद होत होत्या. पहिल्या वर्षाच्या वर्गात मात्र त्यांतली सिद्धांताची वाट तेवढी पोचली, तीही उदाहरणसंग्रहाच्या रूपात.

सूत्रांच्या अटी

संख्येचा जन्म न पाहिल्याचा दुसरा परिणाम असा की सूत्राच्या अटी दिसेनाशा होतात. पुन्हा इटियाडोहला जाऊ. समजा, दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस धरणात क्षमतेच्या किती टक्के पाणी होते याचे दहा वर्षांचे (हेही कल्पित) आकडे असे आहेत: 100, 100, 100, 98, 100, 45, 100, 72, 100, 100. मध्य 91.5, प्रमाण विचलन 18.5. आता वर्गात नेहमी सांगितल्याप्रमाणे 'मध्य अधिक-उणे एक प्रमाण विचलन' काढा. वरची मर्यादा 110 टक्के! धरण 100 टक्के भरले की जादा पाणी सांडव्यावरून निघून जाते, म्हणून या आकड्यांना वरून छत आहे आणि खालून नाही. घंटेच्या आकाराचा वक्र येथे लागू पडत नाही. मध्यक 100 आहे आणि तोही पुरेसे सांगत नाही. शेतकऱ्याला महत्त्वाचे आहे ते 45 चे वर्ष, आणि अशी वर्षे दहांत किती येतात हे.

सहसंबंधाचेही तसेच. 'पाऊस व उत्पादन यांतील सहसंबंध गुणांक काढा' हे उदाहरण प्रत्येक पुस्तकात आहे. नहराखालच्या बांधीत पडलेला पाऊस आणि तेथले धान यांचा संबंध कोरडवाहू शेतातल्याइतका घट्ट असेल का? कमी पावसाच्या काळात नहराचे पाणी ती उणीव भरून काढते, त्यामुळे गुणांक लहान येण्याची अपेक्षा करावी. तो लहान आला म्हणून पावसाचा धानाशी संबंध नाही असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी सूत्रात चुकलेला नसतो. चूक झालेली असते ती आकड्यांमागची व्यवस्था न पाहण्यात.

स्थानिक उदाहरणे पुरेशी आहेत का?

अभ्यासक्रम 'परिसराशी जोडावा' असे आता सर्वच म्हणतात. त्यावर सोपा उपाय निघतो: कारखान्यातील कामगारांच्या जागी धानाची पोती घाला, मजुरीच्या जागी वजन. या उपायाला माझा विरोध आहे. 'एका शेतकऱ्याच्या 100 पोत्यांचे वजन खालीलप्रमाणे आहे. मध्य, मध्यक व बहुलक काढा' हे उदाहरण पहिल्यापेक्षा तसूभरही चांगले नाही. पोती आली, गाव आले, पण आकडा अजूनही आभाळातूनच पडला आहे आणि उत्तराची कोणाला गरज नाही. उदाहरणातला प्रश्न खरा झाला पाहिजे. ज्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी नाही, आणि चुकले तर कोणाचे तरी नुकसान होते, तो खरा प्रश्न. असा प्रश्न असेल तर कारखान्यातली मजुरीसुद्धा चालेल.

आक्षेप आणि अडचणी

शिक्षकांकडून तीन आक्षेप येतील. पहिला वेळेचा. त्याचे उत्तर वर आले आहे: जुन्या गणनयुक्त्यांना दिलेले तास मोकळे करावेत. दुसरा परीक्षेचा. परीक्षेत जे विचारतात तेच शिकवावे लागते, हे खरे. पण प्रश्नपत्रिकाही आपल्यातलेच शिक्षक काढतात. 'खालील माहितीवरून मध्य काढा' याच्या जोडीला 'ही माहिती कशी गोळा केली असता हा मध्य विश्वसनीय मानता येणार नाही, अशी दोन कारणे द्या' असा प्रश्न घातल्यास तपासायला फारसा जास्त वेळ लागत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मुलांना शेतात नेले की सहल होते, शास्त्र मागे पडते. हा धोका खरा आहे आणि शिक्षकाची तयारी हाच त्यावर उपाय. प्रश्न आधी ठरलेला हवा, निवडीची पद्धत आधी लिहिलेली हवी आणि मोजल्यानंतर ती बदलायची मुभा नको.

एक प्रकल्प

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या नव्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्पाला जागा दिलेली आहे. त्या जागेत बसेल असा एक प्रकल्प सुचवतो. तो दहावी-बारावीच्या मुलांनाही सोप्या रूपात करता येईल.

कापणीच्या आठवड्यात एका गावातील धानाच्या बांध्यांची यादी करून त्यांना क्रमांक द्यावेत. चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक अंकांच्या कोष्टकावरून पाच बांध्या निवडाव्यात आणि मालकांची परवानगी घ्यावी. रस्त्याजवळची बांधी सोयीची आहे म्हणून ती घेऊ नये. प्रत्येक बांधीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबीच्या व रुंदीच्या दिशेने किती पावले जायचे, हेही चिठ्ठीनेच ठरवावे. तेथे धान विरळ निघाले तरी जागा बदलू नये. बदलण्याचा मोह होईल, आणि तो झाला याची नोंद वहीत करावी, कारण पूर्वग्रह म्हणतात तो हाच. मग महालनोबीसांच्या युक्तीप्रमाणे विद्यार्थ्यांचे दोन गट करून त्यांनी आपापल्या चिठ्ठ्यांनी, एकमेकांचे आकडे न पाहता, त्याच बांध्यांत तुकडे आखावेत. धान कापायचेही कारण नाही. 1 मीटर बाजूच्या चौरसातल्या लोंब्या मोजल्या तरी पुरे. त्याच ठिकाणी अर्ध्या मीटरच्या चौरसातल्याही मोजाव्यात आणि चौपट करून पाहाव्यात. लहान चौरसाचा अंदाज सरासरीने जास्त येतो का, हे पाहणे म्हणजे 1946 च्या प्रश्नाला स्वतःच्या हाताने भिडणे होय.

शेवटी प्रत्येक गटाने एका पानाचे टिपण लिहावे. त्यात मध्य व प्रमाण त्रुटी असावी, आणि त्यांच्याखाली आणखी तीन ओळी असाव्यात: बांध्या कशा निवडल्या, कडेवरची रोपे आत धरली की बाहेर, आणि दोन गटांच्या उत्तरांत फरक किती पडला. गुणांची विभागणी करताना निम्मे गुण या तीन ओळींना ठेवावेत. गावातल्या ज्या शेतकऱ्यांनी बांधीत येऊ दिले, त्यांना ते पान वाचून दाखवावे. आकडा कसा काढला, हे ते विचारतील. त्यांना पटेल असे उत्तर विद्यार्थ्यांना देता आले तर प्रारंभिक संख्याशास्त्र त्यांना आले असे समजायला हरकत नाही.